मंदाकिनीचा ‘कि’

किराण्यात पैसा वाचवायचा असेल तर आधी किराणा जास्त घ्यावा लागतो, हा सिद्धांत आमचे शेजारी चन्नबसप्पा यांचा. ते वीज खात्यात लाइनमन होते. सगळा जन्म खांबावर गेला, त्यामुळे खाली उभ्या असलेल्या माणसाला वरून सांगायची सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आता ते आपल्या कट्ट्यावर बसून सांगतात.

नव्व्याण्णव साल होतं. कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या आळंदमध्ये घरोघरी नुकतंच केबल आलं होतं आणि टीव्हीवर प्रत्येक वस्तूबरोबर दुसरी कसली तरी वस्तू फुकट मिळायला लागली होती. साबणावर पेन, पेस्टवर ब्रश, तेलाच्या डब्यावर वाटी. वाटी पाहिजे म्हणून तेल नेणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत, आणि शिक्षकाला शोभेल अशा बेतानं त्यांना हसलोही आहे.

अशात एका सकाळी चन्नबसप्पांनी मला हाक मारली आणि बसच्या तिकिटाएवढा पिवळा कागद माझ्या हातात ठेवला. त्यावर एकच अक्षर छापलेलं होतं. ‘दा’.

“मंदाकिनी चहाच्या पुड्यात निघालंय,” ते म्हणाले. “मं, दा, कि, नी. पाव किलोच्या एका पुड्यात एक अक्षर. चारी जमले की वर्षाचा किराणा फुकट. मागं छापलंय बगा.”

“मग तुम्ही जमवा की.”

“मला शुगर हाय. चहा सोडून वरीस झालं. ह्यो पुडा सुनंनं आणलेला. आन तुमी मराठीचे मास्तर. अक्षरं जुळवायचं काम तुमचं, माझं न्हाई.”

हा मुद्दा मला पटला. आळंदच्या सरकारी मराठी शाळेत मी इतकी वर्षं पोरांकडून अक्षरं जुळवून घेतो आहे. त्यातून आजवर मला पगाराशिवाय काही मिळालेलं नव्हतं. एखादी कंपनी माझ्या विद्येची कदर करते आहे, तर तिला नाही म्हणणारा मी कोण? मी ‘दा’ खिशात घातला आणि संध्याकाळी गुरुलिंगच्या दुकानात गेलो.

गुरुलिंग हा आमचा पिढीजात किराणावाला. त्यानं पुडा दिला. घरी येऊन मी तो फोडला, तर ‘मं’. म्हणजे पहिल्याच दिवशी अर्धा शब्द तयार. माझी पत्नी दानम्मा हिला मी तो कागद दाखवला. ती भाकरी थापत होती.

“म्हंजे चहा पिऊन किराणा फुकट?” ती म्हणाली. “पन आपल्यात चहा पितंय कोन? तुमी तोंड लावत न्हाई. मी सकाळी एकदा पिते. पोरगी शैला मनात आलं तर पिती.”

“अजून दोनच अक्षरं राहिली आहेत,” मी म्हणालो.

पुढच्या पुड्यात ‘मं’ निघाला. त्याच्या पुढच्यात ‘मं’. मग ‘दा’, मग ‘नी’, मग पुन्हा ‘मं’. ‘नी’ निघाला त्या दिवशी मी शाळेतून येताना जिलेबी आणली, कारण आता फक्त ‘कि’ उरला होता. तो उरलाच. मी एकेक पुडा आणायचा सोडून दोन दोन आणू लागलो. दुकानात पुडा कानाशी धरून हलवून पाहू लागलो. गुरुलिंग बिचारा सभ्य माणूस. “नारळासारखं वाजत नसतंय ते सर,” एवढंच तो एकदा म्हणाला.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. खोक्यातल्या तळच्या पुड्यात चांगली अक्षरं असतात. सोमवारी घेतलेला पुडा लाभतो. सल्ला द्यायला आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागे, आणि घरात चहाला तोटा नव्हता. चहाच्या चवीबद्दल मी अधिकारानं बोलू शकत नाही, पण रंग चांगला होता. माझी मुलगी शैलश्री, जी त्या वर्षी कॉलेजात जायला लागली होती, ती म्हणाली की भिजलेलं पोतं उकळलं तर असंच लागत असणार. वापरलेली पत्ती दानम्मा परसातल्या कढीपत्त्याला घालत होती. महिन्याभरात कढीपत्ता वाळला. चन्नबसप्पा वाळलेली फांदी हातात घेऊन म्हणाले, “याला बी शुगर असंल.”

हे सगळं मी सोसलं असतं. पण दानम्माच्या किराण्याचा पैसा ठरलेला. चहा वाढला तशी दुसऱ्या डब्यांना कात्री लागली. तुरीच्या मुलखात राहतो आम्ही. आमच्याकडची डाळ कुठल्या कुठं जाते. आणि त्या मुलखात, माझ्या ताटात एके दिवशी असं वरण आलं की वाटीच्या तळाला कोरलेलं माझ्या सासऱ्यांचं नाव त्यातून स्पष्ट वाचता येत होतं.

“हे काय?” मी विचारलं.

“बचत,” दानम्मा म्हणाली.

त्याच आठवड्यात ‘कि’ निघाला. पुडा दानम्मानंच फोडला. तिनं कागद बाहेर काढला, उजेडात धरला आणि मला हाक मारली. ‘कि’ होता, यात काही शंका नव्हती. फक्त तो कन्नडात होता.

झालं होतं असं, की गुरुलिंग माल घेताना जिकडं स्वस्त मिळेल तिकडून घ्यायचा. कधी सोलापूरहून, कधी गुलबर्ग्याहून. सोलापूरच्या पुड्यातली अक्षरं मराठी आणि गुलबर्ग्याच्या पुड्यातली कन्नड. चन्नबसप्पांनी चारही कागद कट्ट्यावर ओळीनं मांडले, मागं सरकून पाहिले, पुढं येऊन पाहिले. “चालतंय,” ते म्हणाले. “वाचल्याशी मतलब. गुलबर्ग्याला त्यांचा डेपो हाय. जाऊन या.”

गुलबर्ग्याला जायचं तर रजा पाहिजे. मी अर्जात खरं कारण लिहिलं, कारण खोटं लिहायची मला सवय नाही. ‘कि जमा करण्यासाठी डेपोत जाणे आहे.’ मुख्याध्यापकांनी अर्ज परत पाठवला. खाली शेरा होता, ‘कि नंतरचे वाक्य अपूर्ण. कि दीर्घ लिहावी.’ मी पोटदुखी लिहून रजा घेतली.

डेपोतला माणूस तरुण होता. टेबलावरच्या पाटीवर सुनीलकुमार असं नाव होतं. “बर्री सर, कुंद्री,” म्हणून त्यानं खुर्ची पुढं सरकवली. मी मराठी शाळेचा आहे हे कळल्यावर तो मराठीत आला. असा नम्र माणूस भेटला की काम होणार नाही हे मी ओळखतो. त्यानं चार कागद पाहिले.

“सर, मं, दा, नी मराठीत हायेत. कि कन्नडात हाय. हे वाचायचं कसं?”

“मला वाचता येतं,” मी म्हणालो. “माझ्या बायकोला येतं. आमच्या गल्लीत सगळ्यांना येतं.”

“कंपनीला येत न्हाई सर.”

महाराष्ट्राची योजना वेगळी आणि कर्नाटकाची वेगळी, असं त्यानं समजावलं. कन्नडातली चार अक्षरं आणली तर तो आनंदानं किराणा देणार होता. मी म्हणालो, ‘कि’ तर आहेच, आता तीनच काय ती जमवायची. तो थोडा घुटमळला. मग दाराकडे बघून आवाज उतरवत म्हणाला, “तुमी मास्तर, म्हनून सांगायलोय. आमच्याकडं कि पायजे तेवढे निघतेत. दा न्हाई निघत.”

माझ्या खिशात त्या वेळी पाच ‘दा’ होते. सगळे मराठी.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून विचार करत होतो. सीमाप्रश्नावर लोक मोठमोठी भाषणं करतात, मी कधी त्यात पडलो नव्हतो. आमच्या घरात पूजा कन्नडात होते, भांडण मराठीत होतं, आणि बाजारात घासाघीस करायची तर माझ्या वडिलांपासून हैदराबादी उर्दू चालत आली आहे. कुणाचं कधी अडलं नाही. अडलं ते मंदाकिनीत. एका राज्यानं ‘कि’ दाबून ठेवला होता आणि दुसऱ्यानं ‘दा’, आणि दोघांच्या मध्ये मी पोटदुखीच्या रजेवर होतो.

घरी आल्यावर दानम्मानं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. पदर खोचून सरळ एसटीडी बूथवर गेली आणि उमरग्याला तिच्या भावाला फोन लावला. नागराज हा माझा मेव्हणा, उमरग्यात घड्याळं दुरुस्त करतो. उमरगा महाराष्ट्रात, म्हणजे तिकडचे पुडे मराठी. तो तिकडं पुडे घेऊन बघेल, असा तिचा विचार. तिनं दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात दिला.

“दाजी, कि व्हय?” नागराज म्हणाला. “हाय की माझ्याकडं. परवा पुडा घेतलो, त्यात निघालं. पिवळा कागद. पोरगी त्याची होडी करायली होती, तिच्या हातातून काढून ठेवलो.”

“किती पुडे घेतलेस?”

“एकच. आमी काय एवढे चहावाले न्हाई.”

बूथवरच्या मीटरवर आकडे पळत होते. मी फोन दानम्माच्या हातात परत दिला.

किराण्याची वाटणी कशी करायची यावर रात्री जेवताना चर्चा झाली. दानम्मा म्हणाली, अर्धा त्याचा, अर्धा आपला. मी न्यायाला धरून म्हणालो की चारातली तीन अक्षरं आपली आहेत, तर किराण्याचेही चारातले तीन भाग आपले.

“त्याचा कि काढला तर तुमचं काय उरतंय?” दानम्मानं विचारलं. “मंदानी. कोन हाय ही मंदानी? तिला कोन किराणा देतंय?”

शैलश्री पाणी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. वाटणी अर्धी अर्धी ठरली.

एक अडचण होती. महाराष्ट्रातली योजना, तर बक्षीस घेणाऱ्याचं रेशनकार्ड महाराष्ट्राचं पाहिजे. म्हणून चारही कागद नागराजच्या नावानं जमा झाले. कंपनीला तेवढ्या भागात एकच विजेता सापडला होता, त्यामुळे त्यांनी उमरग्यात त्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानासमोर मांडव घातला आणि वर्षाचा किराणा एकदम द्यायचं ठरवलं. मी पुन्हा पोटदुखीची रजा टाकली आणि दानम्मासह सकाळच्या गाडीनं गेलो.

नागराज नव्या सफारीत होता. त्याला हार घातला, नारळ दिला, फेटा बांधला. मग माइक पुढं करून कुणीतरी विचारलं की हे यश तुम्ही कसं मिळवलंत. नागराज प्रामाणिक माणूस आहे. तो म्हणाला, “मी काय एकच पुडा घेतलो. त्याच्यातच निघालं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी दानम्माही वाजवत होती. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तेव्हा तिनं कोपरानं खुणावलं, म्हणून मग मीही वाजवल्या.

भाषणं संपल्यावर माल बाहेर काढायचा होता, तर हमाल जेवायला गेलेला. व्यापारी इकडंतिकडं बघून मला म्हणाला, “ओ काका, जरा हात लावा.” मी सांगणार होतो की मी कोण आहे. पण सांगायला बरीच वाक्यं लागली असती आणि पोतं उचलायला एक दम पुरणार होता. मी साखरेचं पोतं खांद्यावर घेतलं. तेवढ्यात फोटोवाल्याचा दिवा चमकला.

वाटणीच्या वेळी नागराजनं मोठेपणा दाखवला. “अक्का, साखर पुरी तूच ने. तुमच्यात पाव्हणे लई,” असं म्हणाला. साखर, तांदूळ, तुरीची डाळ, तेलाचे डबे, साबणाचं खोकं, असा सगळा माल उमरग्याहून आळंदवरून निंबर्ग्याला जाणाऱ्या गाडीत चढला. मी खिडकीशी बसलो आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. ते बरं वाटणं राज्याच्या हद्दीवरच्या विक्रीकराच्या नाक्यापर्यंत टिकलं.

नाक्यावरचे साहेब गाडीत चढले. “हा माल कोनाचा?”

“माझा,” मी उठून म्हणालो.

“बिल?”

“बिल नाही. हे बक्षीस आहे.”

“कोनाला मिळालं बक्षीस?”

“मेव्हण्याला.”

“मग तुमी कोन?”

या प्रश्नाला माझ्याकडे थोडक्यात उत्तर नव्हतं. म्हणून मी ‘मं’ पासून सुरुवात केली. साहेबांनी ‘दा’ पर्यंत ऐकलं. मग ते म्हणाले की एवढा माल माणूस घरात खात नसतो, हा व्यापाराचा माल आहे, खाली उतरवा, कर भरा. मी म्हणालो, मी सरकारी शिक्षक आहे. ते म्हणाले, म्हणूनच जास्त वाईट. गाडीतली माणसं घड्याळं बघायला लागली. गुलबर्ग्याला ज्या नम्रतेनं माझा पराभव झाला, ती इथं नव्हती. साहेब खाली उतरून गाडीचा नंबर लिहायला लागले.

तेव्हा दानम्मा उठली. तिनं डाळीची पिशवी उचलली आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवली. “अक्का, ही तुमचीच हाय न्हवं?”

त्या बाईनं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा दानम्माकडे. “व्हय की,” म्हणाली आणि दोन्ही हातांनी पिशवी धरली. कंडक्टरनं एक तेलाचा डबा उचलून आपल्या सीटखाली सरकवला. “ह्यो माझा. सासरवाडीहून मिळालाय.” मग कुणाला सांगावं लागलं नाही. तांदळाच्या पिशव्या मागं गेल्या, साबणाचं खोकं फुटून वड्या खिशाखिशांत गेल्या. साहेब परत वर चढले तेव्हा गाडीत माझं म्हणावं असं फक्त माझी छत्री होती.

साहेब सीटांमधून चालत शेवटपर्यंत गेले. प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी होतं आणि प्रत्येकजण खिडकीबाहेर बघत होता. शेवटच्या सीटवर एक म्हातारा साखरेच्या पोत्याला मिठी मारून बसला होता.

“एवढी साखर?”

“नातीचं लगीन हाय साहेब,” म्हातारा म्हणाला. “या तुमी बी.”

साहेबांनी पोत्यावर एक थाप मारली. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. “लग्नाला काय, येतो की,” असं म्हणून ते खाली उतरले आणि त्यांनी आडवा बांबू वर करायला सांगितला.

आळंदला उतरताना लोकांनी माल परत दिला. साबणाची वडीसुद्धा कुणी ठेवून घेतली नाही. उलट एक वडी जास्त आली, ती कुणाची हे आजवर कळलं नाही. फक्त साखर आली नाही. म्हातारा पोत्यावर डोकं ठेवून झोपला होता आणि आम्ही साबण मोजत असताना गाडी त्याला आणि साखरेला घेऊन निंबर्ग्याला गेली. मी म्हणालो, गेली साखर. दानम्मा म्हणाली, येईल.

बाजारच्या दिवशी तो आला. ‘चहावाले मास्तर कुठं राहतेत’ असं विचारत, दुसऱ्याच्या गाडीवर पोतं टाकून. भीमण्णा त्याचं नाव. नातीचं लग्न खरंच होतं. दानम्मानं त्याला चहा दिला. तो प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाला, “चहा झकास हाय. अजून हाय का?” इतक्या महिन्यांत असं म्हणणारा तो पहिला माणूस. मी घरात उरलेले सगळे पुडे पिशवीत भरून त्याच्या लग्नघरी पाठवून दिले. साखरेतलीही थोडी दानम्मानं वेगळ्या पिशवीत घातली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता हे प्रकरण इथं संपायला हरकत नव्हती. पण उमरग्यात एक साप्ताहिक निघतं. त्यात समारंभाचा फोटो आला आणि नागराजनं कौतुकानं त्याचे दहा अंक गाडीच्या ड्रायव्हरजवळ आमच्याकडे पाठवले. फोटो मोठा होता. डावीकडे फेटा बांधलेला नागराज, उजवीकडे पोतं खांद्यावर घेतलेला मी. खाली लिहिलं होतं, ‘मंदाकिनी चहा योजनेचे भाग्यवान विजेते श्री. नागराज. सोबत हमाल.’

चन्नबसप्पांनी ते कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. मग मला धीर द्यायला म्हणून म्हणाले, “सोबत म्हनलंय. म्हंजे मान दिलाय.”

शाळेत अंक माझ्या आधी पोचला होता. मुख्याध्यापकांनी मला बोलावून पोटदुखी कशी आहे म्हणून विचारलं. त्या रात्री मी संपादकांना पत्र लिहिलं. मी कोण, माझी नोकरी किती वर्षांची, मूळ योजना कुणाची, तीन अक्षरं कुणाची, हे सगळं पुराव्यासह लिहिलं आणि जाहीर दुरुस्तीची मागणी केली. शैलश्री म्हणाली, “अप्पा, राहू द्या. लोक विसरतेत.” मी ऐकलं नाही.

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. पहिल्या पानावर, चौकटीत, आणि आठवण राहावी म्हणून फोटोही पुन्हा छापलेला. ‘गेल्या अंकातील छायाचित्रात पोते उचललेले गृहस्थ हमाल नसून विजेत्याचे मेव्हणे आहेत. ते शिक्षक असल्याचे समजते. तरी उमरगा बाजारपेठेतील हमाल बांधवांनी गैरसमज करून घेऊ नये.’

मी अंक घडी करून कोनाड्यात ठेवला आणि जेवायला बसलो. वरण घट्ट होतं. दानम्मा वाढताना थांबली, कोनाड्यातला अंक काढला, दिव्याखाली नेला आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही हसणार. मी घास हातात धरून वाट बघत होतो.

“पोतं चांगलं उचललाव पन तुमी,” ती म्हणाली. “पाठ बगा की, कशी सरळ हाय.”

तिनं अंक माझ्यापुढं धरला. मी पाहिलं. पाठ खरंच सरळ होती.